सरकारे एकमेकांपासून माहिती लपवतात तेव्हा सहकार्याचे काय होते?

सहकार्य लगेच मोडत नाही. ते महाग होते, कारण समोरच्या सरकारच्या प्रत्येक आकड्याची स्वतंत्र पडताळणी करावी लागते. आम्हा सांगलीकरांना हे कृष्णेने शिकवले आहे. 2005 आणि 2019 च्या महापुरांनंतर कृष्णेवरच्या, कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पाणीपातळी आणि विसर्ग यांविषयीचा संशय इतका खोल रुजला की, सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ पाणी 45 फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले म्हणजे कर्नाटकाने दिलेला आकडा अनेकांना पटतच नाही, मग तो खरा असो वा नसो. (आपल्याच महाराष्ट्रातल्या कोयना धरणातून किती पाणी सोडले, हे मात्र आपण तितक्या त्वेषाने विचारत नाही.)

राज्यांच्या वर निदान लवाद आणि सर्वोच्च न्यायालय असते. देशांच्या बाबतीत तेही सहसा नसते. 2017 मध्ये, डोकलाममधील भारत-चीन लष्करी तणावाच्या वर्षी, चीनने ब्रह्मपुत्रेची पावसाळी जलमाहिती भारताला दिली नाही आणि मापन केंद्राच्या दुरुस्तीचे कारण पुढे केले. ते कारण खरे असले तरी तपासण्याचा मार्ग भारताकडे नव्हता, आणि माझ्या मते उघड खोटेपणापेक्षा हीच स्थिती अधिक घातक असते, कारण अशा मौनाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे लावतो. पुढच्या वर्षी ती माहिती पुन्हा मिळू लागली.