ख्रिस्ती अंत्यविधीत कोणती गीतं म्हणतात आणि ती कोणी लिहिली?

प्रश्नच अर्धा आहे. 'कोणी लिहिली' हे सगळे विचारतात, चाल कोणाची हे कुणी विचारत नाही. दफनभूमीत माणसं शब्द विसरतात, पुस्तक हातात असून विसरतात. चाल मात्र त्यांना ओढून नेते.

नावं हवीत ना, घ्या. 'रॉक ऑफ एजेस' ऑगस्टस टॉपलेडीचं, १७७६. चाल टॉमस हेस्टिंग्जची, १८३०. 'निअरर माय गॉड टू दी' सारा फ्लॉवर ॲडम्स हिचं. चाल अमेरिकेत लोवेल मेसनची आणि इंग्लंडात जॉन डाइक्सची, म्हणून टायटॅनिकवर नेमकी कुठली वाजली यावर लोक अजून भांडतात. 'इट इज वेल' होरेशिओ स्पॅफर्डचं. १८७३ मध्ये जहाज बुडून त्याच्या चार मुली गेल्या, ती गोष्ट प्रत्येक उपदेशात येते. चाल लावणारा फिलिप ब्लिस १८७६ च्या डिसेंबरात रेल्वे अपघातात गेला, ते कुणाला ठाऊक नसतं.

आता 'अबाइड विथ मी'. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे. डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या गावात ते पाळक होते, क्षयाने खंगलेले. २० नोव्हेंबर १८४७ ला आता फ्रान्समध्ये असलेल्या नीस इथे वारले. मूळ कडवी आठ, म्हणतात पाच. लाइट यांनी स्वतःही एक चाल लावली होती, ती टिकली नाही. आपण म्हणतो ती चाल, 'इव्हनटाइड', विल्यम हेन्री मंक यांची, १८६१ ची. दहा मिनिटांत सुचली असं एकजण सांगतो, सूर्यास्त बघताना दुःखात सुचली असं दुसरा. दोन्ही सोडा, स्वर बघा.

पहिली ओळ: ग ग रे सा प ध प प म ग. दुसरी: ग म प ध प म रे ग म॑ प. तिसरी: ग ग रे सा प प म म ग रे. चौथी: रे ग म ग रे सा म ग रे सा. सगळी चाल सा ते ध, सहा स्वरांत. वर तार सा नाही, खाली मंद्र नाही. रडून बसलेल्या घशालाही ती पेलते, आणि हे कसब मंक यांचं आहे, लाइट यांचं नाही.

अडतं ते दुसऱ्या ओळीच्या नवव्या अक्षरावर. तिथे तीव्र मध्यम आहे, म्हणजे शुद्ध 'म'पेक्षा अर्धा स्वर वरचा, वर म॑ असा लिहिलेला. भजनावर वाढलेली मंडळी तो शुद्ध घेतात, पुढचा प त्यामुळे जरा खाली लागतो, आणि पेटीशिवाय म्हणत असतील तर तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे अर्धा स्वर उतरलेले असतात. तेवढ्यात कुणीतरी पेटी धरतो आणि दोन पट्ट्या एकदम सुरू होतात. (आपल्याकडे हार्मोनियमही पेटी आणि शवपेटीही पेटी. 'पेटी पुढे घ्या' म्हटल्यावर भलतीच हललेली पाहिली आहे.) म्हणून आधीच्या तालमीत फक्त 'रे ग म॑ प' एवढाच तुकडा दहा वेळा म्हणवून घ्या, बाकीचं आपोआप येतं.

छापील पट्टी काळी दोन, म्हणजे सा पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर. चर्चमध्ये ठीक, कबरीपाशी पांढरी दोन घ्या, बायकांचे आवाज तिथे बसलेले असतात. सुरुवातीला अख्खं कडवं वाजवू नका, शेवटची ओळ पुरे. दर ओळीला सोळा मात्रा, कडव्याला चौसष्ट. मिनिटाला ७२ मात्रांनी पाच कडवी साडेचार मिनिटांत होतात. ४५ ने सात मिनिटं लागतात. दुःख आहे म्हणून संथ, हा समज साफ चूक. त्या गतीत ओळीच्या शेवटच्या चार मात्रांना श्वास पुरत नाही, लोक मध्येच थांबतात, पेटीचा भाताही रिकामा होतो.

आमच्या क्वायरमधला जुना वाद इथेच येतो. एक बाजू म्हणते विलायती चाल नकोच, दुसरी म्हणते मराठी शब्द कसेही कोंबा पण चाल तीच ठेवा. माझ्या मते दुसरी बाजू जास्त नुकसान करते. या चालीत ओळीचा पहिलाच स्वर दोन मात्रांचा आहे. तिथे 'प्रभू' आला की 'प्रऽभू' होतं. 'राहा', 'ये', 'देवा' बसतं. अक्षरं मोजून दहा. हे जमत नसेल तर ना. वा. टिळकांची वाट धरा: अभंगाचा सहा-सहा-सहा-चारचा साचा, देशी चाल, झांजा. टिळक १८९५ ला बाप्तिस्मा घेऊनही तुकोबांना सोडून आले नाहीत, आणि त्यांची भजनं मंडळी पुस्तक न उघडता म्हणतात. अनुवादांना हे क्वचितच साधतं.

हे सगळं प्रोटेस्टंट मंडळ्यांपुरतं. कॅथलिक मिस्सात (त्यांच्या उपासनाविधीत) कुठे काय म्हणायचं याचे नियम वेगळे, तिथे आधी फादरना विचारा. आणि घरच्यांनी दुसरंच गीत मागितलं तर तेच म्हणा, वाद नंतर घाला.

वेळ कमी असेल तर पाचातलं दुसरं नि तिसरं कडवं गाळा. शेवटचं, मिटत्या डोळ्यांपुढे क्रूस धर म्हणणारं, गाळू नका. आमच्याकडे नेमकं तेच राहतं, कारण तोवर मूठमाती उरकून लोक फाटकाकडे निघालेले असतात.