मराठीतली 'चावी' लॅटिन 'क्लाविस'पासून आली का? आणि 'क्लाविस' चालवायचा कसा?

हो, पण पोर्तुगीजमार्गे. पुरावा सुरुवातीच्या 'च'मध्येच आहे. लॅटिन शब्दारंभीच्या 'क्ल'चा पोर्तुगीजमध्ये 'च' झाला, स्पॅनिशमध्ये 'य'सारखा उच्चार (याव्हे), इटालियनमध्ये 'क्य' (क्यावे). फ्रेंचने 'क्ल' तसाच ठेवला: क्ले. म्हणजे चावी स्पॅनिशमधून आली असती तर आपण 'यावी' शोधत बसलो असतो! आज लिस्बनमध्ये हा शब्द 'शाव्ह' असा ऐकू येतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात आणि वसईत आले तेव्हा मात्र त्यांच्याही तोंडी 'च'च होता. तो आपल्याकडे टिकला. अनेकवचन मात्र आपण त्यांचं घेतलं नाही, सरळ 'चाव्या' केलं.

आता रूपं. शब्द स्त्रीलिंगी, तिसऱ्या गणातला (गण म्हणजे सारख्या पद्धतीने चालणाऱ्या शब्दांचा गट). एकवचनात प्रथमा क्लाविस, षष्ठीही क्लाविस, चतुर्थी क्लावी, द्वितीया क्लावेम किंवा क्लाविम, पंचमी क्लावे किंवा क्लावी. अनेकवचनात प्रथमा क्लावेस, षष्ठी क्लाविउम, चतुर्थी-पंचमी क्लाविबुस. द्वितीया क्लावेस, जुन्या ग्रंथांत क्लावीसही. पोर्तुगीज शब्द निघाला तो द्वितीयेच्या 'क्लावेम'मधून, शेवटचा 'म' गळून.

चूक हमखास होते ती षष्ठी अनेकवचनात. 'रेक्स' (राजा) या शब्दाचं 'रेगुम' होतं म्हणून लोक 'क्लावुम' लिहितात. पण 'क्लावुम' म्हणजे 'खिळ्याला': तो 'क्लावुस' या वेगळ्या, दुसऱ्या गणातल्या पुल्लिंगी शब्दाचा. 'क्लावी' दिसलं तरी थांबा. ते किल्लीची चतुर्थी किंवा पंचमी असेल, नाहीतर खिळ्याची षष्ठी किंवा प्रथमा अनेकवचन. शेजारचं विशेषण किंवा क्रियापद पाहिल्याशिवाय अर्थ लावू नका.

किल्ली आणि खिळा लॅटिनमध्ये मुळात भावंडंच आहेत, कारण जुनी किल्ली म्हणजे अडसर सरकवायची खुंटी किंवा आकडा. आपल्या 'किल्ली'चंही नातं 'कील', 'खिळा' यांच्याशीच आहे, हे मला चावीच्या प्रवासापेक्षा जास्त गमतीचं वाटतं.

बाकीचे वंशज: 'क्लाविकुला' म्हणजे छोटी किल्ली, त्यावरून गळ्याखालच्या हाडाला क्लॅव्हिकल. 'कोन्क्लावे' म्हणजे कुलूप लावता येणारी खोली. पोपच्या निवडीसाठी कार्डिनल कोंडून घेतात त्या सभेचं नाव तिथून आलं. पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या ओळींच्या सुरुवातीचं 'क्लेफ' हे चिन्हही तेच, फ्रेंचच्या जुन्या वर्तनीतून आलेलं.