एक पावसाळा गावात काढा, मग घर विकण्याचे बघा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत: नोकरी संपली, आता गावी राहायचे आणि राहून गेलेला प्रवास करायचा. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली घाई मी स्वतः नऊ वर्षांपूर्वी केली होती.

प्रश्न : मी गेल्या वर्षी शासकीय सेवेतून निवृत्त झालो, पत्नी येत्या मे महिन्यात निवृत्त होईल. गुहागर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. गेली वीस वर्षे ते फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडले जाते. डोंबिवलीची सदनिका विकावी, त्या पैशातून घर दुरुस्त करावे आणि कायमचे तेथेच राहावे, असा विचार आहे. तो योग्य आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गावी जाण्याचा विचार उत्तम आहे, सदनिका विकण्याचा मात्र आताच नको. आपण गाव पाहिले आहे ते गणपतीत आणि मे महिन्यात, म्हणजे घर माणसांनी भरलेले असताना. सकाळपासून वीज गेलेली, पागोळ्यांचा आवाज दिवसभर न थांबणारा, मोबाइलला रेंज नाही आणि वाडीतल्या दहा घरांपैकी सात घरांना कुलूप, अशी जुलैतली एखादी दुपार आपण बहुधा लहानपणानंतर अनुभवलेली नाही. ती आधी अनुभवावी. जूनच्या पहिल्या आठवड्यात जावे, दसऱ्यापर्यंत राहावे आणि मगच पुढचे ठरवावे. तोवर सदनिका भाड्याने द्यावी. ते भाडे घराच्या दुरुस्तीला उपयोगी पडेल.

मी हे उलट क्रमाने केले. ठाण्याहून सामान हलवताना चारशेच्या वर पुस्तके नेली आणि माजघरातल्या भिंतीतल्या फडताळात हौसेने लावली. श्रावणात एक पुस्तक ओढले, तर पुठ्ठा तेवढा हातात आला. आतल्या पानांची वाळवीने माती करून टाकली होती आणि ती माती ओली होती. जांभ्याची जुनी भिंत पावसाळ्यात ओल धरते, हे मला लहानपणी माहीत होते; नोकरीच्या पस्तीस वर्षांत मी ते विसरलो होतो.

दुरुस्तीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. कौलारू घराची शाकारणी दरवर्षी पावसापूर्वी करावी लागते. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, रिपा आणि वासे तपासायचे आणि पुन्हा कौले लावायची. हे काम जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांना मार्चमध्येच सांगून ठेवावे. मे महिन्याच्या अखेरीस धावाधाव केली, तर कोणी मिळत नाही. शाकारणी झाल्यावरही वानरांची टोळी एका सकाळीत वीसपंचवीस कौले फोडून जाऊ शकते. म्हणून अनेकांनी कौले काढून पत्रा घातला आहे. पत्र्याखाली उन्हाळ्यात उकडते आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही, पण वानरांनी त्रासलेल्या माणसाला सौंदर्यदृष्टी शिकवण्यात अर्थ नाही.

पैसे घालण्यापूर्वी कागद पाहावेत. सातबारा, आठ-अ आणि ग्रामपंचायतीकडील घराचा नमुना आठचा उतारा, हे तिन्ही काढावेत. वडिलोपार्जित घरावर बहुधा काका आणि चुलतभाऊ धरून सात-आठ नावे असतात. ‘तू कर रे खर्च, आम्ही कुठे येतोय राहायला’ हे फोनवरचे वाक्य नवे स्नानगृह बांधून होईपर्यंतच टिकते, असा माझ्या वाडीचा अनुभव आहे. रीतसर वाटणी होणार असेल तर उत्तम. ते जमत नसेल, तर निदान सर्वांची लेखी संमती घ्यावी.

आजारपणाचा विचार टाळू नये. मोठ्या उपचारांसाठी गुहागरहून चिपळूणला, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटर जावे लागते. रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे पावसाळ्यात दोन महिन्यांची घरात असावीत. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे पुष्कळ आहे. हा साप लहान असल्यामुळे पालापाचोळ्यात आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांत दिसत नाही. लाकडे किंवा चिरे उचलताना आधी काठीने हलवावेत, रात्री विजेरीशिवाय अंगणात उतरू नये. दंश झालाच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि सरकारी रुग्णालय गाठावे; मंतरणाऱ्याकडे जाण्यात एक मिनिटही घालवू नये.

पैशांबाबत दोनच गोष्टी सांगतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख रुपये झाली आहे. पतिपत्नी दोघेही पात्र असतील, तर दोघांची स्वतंत्र खाती उघडता येतात आणि व्याज दर तिमाहीला हाती येते. गावातला रोजचा खर्च त्यावर नीट चालतो. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात शहर गाठण्याची आता गरज नाही, ‘जीवन प्रमाण’ पद्धतीने तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. फक्त रेंज असलेली जागा शोधावी लागते. आमच्याकडे ती विहिरीच्या काठावर आहे.

एवढे वाचून आपण बेत रद्द कराल, तर मला वाईट वाटेल. सदनिकेत वेळ घालवावा लागतो, नारळी-पोफळीच्या आगरात तो पुरत नाही. नारळ उतरवणारा पाडेली आला की सकाळ नारळ मोजण्यात जाते, दुपारी सुपाऱ्या वाळत घालायच्या, संध्याकाळी शिंपण्याचे पाणी सोडायचे. एप्रिलमध्ये झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी बांधलेली काठी, लावून कलमाचा पहिला आंबा देठासकट खाली येतो, तेव्हा त्या देठातून उडणारा चीक चुकवताना मी अजूनही दरवर्षी शर्ट खराब करतो.

प्रश्न : आम्हाला स्वतःचे गाव नाही. कोकणात अर्धा एकर जागा घेऊन छोटे घर बांधावे असे वाटते. आम्ही शेतकरी नसल्याने जमीन घेता येणार नाही असे एक जण सांगतो. ‘दाखला करून देतो’ असे दुसरा सांगतो. (एक दांपत्य, नाशिक)

उत्तर : पहिल्याचे ऐकावे आणि दुसऱ्याचा फोन उचलू नये. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ या नावाने झालेला कायदा आजही राज्यात लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार पुढे कधीही अंगाशी येऊ शकतो. आपल्या नावावर राज्यात कोठेही वडिलांकडून आलेली शेतजमीन आहे का, हे मात्र शोधून पाहावे. नसेल, तर गावठाणातले जुने घर किंवा रीतसर बिनशेती झालेला भूखंड पाहावा. त्याआधी एखादे घर दिवाळीपासून मेपर्यंत भाड्याने घेऊन राहावे. अर्धा एकर जागेतले गवत वर्षातून किती वेळा काढावे लागते, हे शेजाऱ्याकडे पाहूनही कळते.

प्रश्न : माझे वय ६७, यजमानांचे ७६. त्यांचे गुडघे दुखतात. दोन मोठ्या सहली केल्या, पण दोन्हींत पहाटे पाचला उठून बसमध्ये बसणे एवढेच आठवते. आम्हाला झेपेल असा प्रवास सुचवाल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : आपल्याला ठिकाणे कमी आणि मुक्काम जास्त असा प्रवास हवा आहे. खर्चाचा प्रश्न एसटीने बराच सोडवला आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे आपल्या दोघांचा प्रवास मिळून अर्ध्या तिकिटात होतो. आधार कार्ड जवळ ठेवावे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. तेथे निदान खालच्या बर्थचा कोटा आहे, तो तिकीट काढताना निवडावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात असा बेत करावा. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूण, तेथून गुहागर. गुहागरात तीन रात्री राहावे. एक दिवस व्याडेश्वराचे दर्शन आणि संध्याकाळी समुद्रकिनारा, याशिवाय काहीही करू नये. दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून वेळणेश्वर आणि हेदवी करावे. हेदवीला खडकातल्या बामणघळीत भरतीचे पाणी घुसते आणि उसळून वर येते. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. खडक निसरडे असतात, म्हणून यजमानांनी लांबूनच पाहावे.

चौथ्या दिवशी तवसाळला जाऊन फेरीबोटीने खाडी ओलांडावी आणि जयगडला उतरावे. ही बोट गाडीसकट माणसे नेते, म्हणून ठरवलेली रिक्षाही बरोबर येऊ शकते. पुढे मालगुंड लागते. केशवसुतांचा जन्म येथे १८६६ मध्ये झाला. त्यांच्या घराजवळच्या स्मारकात घटकाभर बसावे. गणपतीपुळ्याला दोन रात्री काढून रत्नागिरी, आंबा घाट, कोल्हापूर असे घरी परतावे. सहा-सात दिवसांत एकाही सकाळी सातच्या आत उठावे लागणार नाही.

प्रश्न : यजमानांना निवृत्तीनंतर गावी जायचे आहे. मला नाही. माझ्या मैत्रिणी, भजनी मंडळ, डॉक्टर सगळे येथे आहे. मी स्वार्थी आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मुळीच नाही. गावी राहण्याचे सुख वर्णन करणारी जी पत्रे माझ्याकडे येतात, ती बहुतेक पुरुषांची असतात. मे महिन्यात येणाऱ्या पंधरा पाहुण्यांचा स्वयंपाक, अंथरुणे आणि पाणी यांबद्दलची पत्रे स्त्रियांची असतात. माझ्या पत्नीने पहिल्या उन्हाळ्यानंतर मला स्पष्ट सांगितले, की आंबे तुमचे आणि घाम माझा, हे चालणार नाही. तेव्हापासून मे महिन्यात सकाळचा चहा आणि रात्रीचा पिठले-भात मी करतो, पाहुणे भांडी घासतात, आणि ती जून ते सप्टेंबर पुण्याला बहिणीशेजारी राहते. वाडीत यावर वर्षभर चर्चा झाली. आता दोन शेजारणींनी हीच पद्धत सुरू केली आहे.

आपल्या यजमानांना येत्या पावसाळ्यात चार महिने एकटे गावी राहू द्यावे, स्वयंपाक आणि धुणीभांडी त्यांची त्यांनी करावीत. दसऱ्याला परतल्यावरही ते गावाचेच नाव काढत असतील, तर आपण नोव्हेंबरात पंधरा दिवस जाऊन पाहावे. परतीचे तिकीट मात्र निघतानाच काढून ठेवावे.