आधी तुकडा विण

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी दूध तापवता तापवता वाचला. दूध उतू गेलं. एवढं मोठं लिहायचं तर फोन करावा, पण तुमच्या पिढीला फोनची भीती वाटते म्हणून हे पत्र.

तुझ्या तीन स्वेटरचे फोटो पाहिले, आणि तिन्ही का बिघडले हा तुझा प्रश्नही. मुलगा असून विणतोस म्हणून ऑफिसात कोण हसलं, यावर मी वेळ घालवणार नाही. पेरूमध्ये ताकिले नावाचं बेट आहे, तिथे टोप्या पुरुषच विणतात. हसणाऱ्याला एवढं सांग आणि विषय सोड. "माझ्या हातात कलाच नाही बहुतेक" या वाक्यालाही उत्तर मिळणार नाही. कलेची पाळी यायला अजून अवकाश आहे. तुझं अडलंय मोजमापात.

तिन्ही वेळा तू तुकडा, म्हणजे स्वेटरच्या आधी माप काढायला विणायचा नमुना, विणला नाहीस. मी विचारलं तेव्हा "अंदाजे बरोबर वाटलं" असं लिहिलंस. या 'अंदाजे'वरूनच मला राग आला, आणि पुढे जो काही फणकारा दिसेल तो त्या शब्दावरचा समज.

पहिला स्वेटर तुझ्या अंगात शिरला नाही. व्हिडिओतली बाई अमेरिकेतली. ती म्हणाली आठ नंबरच्या सुया, तू तुळशीबागेत जाऊन आठ नंबर मागितलास आणि दुकानदाराने दिला. तिचा आठ म्हणजे 5 मिलिमीटर. आपल्याकडे इंग्लंडची जुनी मापं चालतात, त्यात आठ म्हणजे 4 मिलिमीटर. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. क्रोशाचीही तीच गंमत, अमेरिकेत ज्याला 'सिंगल' म्हणतात त्याच टाक्याला इंग्लंडात 'डबल' म्हणतात. यात ना त्या बाईची चूक, ना दुकानदाराची. तू 40 टाके घालून चार बोटं विणलं असतंस तर तासाभरात कळलं असतं. तुला सात आठवड्यांनी कळलं.

दुसरा गुडघ्यापर्यंत आला. लोकर महागाची, 'सुपरवॉश' लिहिलेली. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून लोकर आटते. मशीनमध्ये धुता यावी म्हणून सुपरवॉशचे ते खवले काढून टाकतात किंवा त्यांच्यावर लेप देतात. मग तंतू एकमेकांवरून घसरतात आणि ओलं कापड वाढतच जातं. आणि तू काय केलंस? ओला स्वेटर बाल्कनीत दोरीवर टांगलास! अरे, ती काय जीन्स आहे? तुकडा विणून धुतला असतास तर तुकडा लांबला असता आणि आपण दोघं हसलो असतो.

तिसरा तू बगलेपर्यंत आणून उसवलास, कारण "फील येत नव्हता". याबद्दल मी काहीच बोलत नाही.

आता नीट वाच. तुकडा म्हणजे शेंगदाण्याच्या पुडीएवढी चिंधी नव्हे. निदान 40 टाके, निदान 40 ओळी. लोकर तीच, सुई तीच, वीण तीच. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीत कडा वळतात, म्हणून मोजायचं ते मधलं 10 सेंटिमीटर. मोजायला स्टीलची पट्टी घे, शिंप्याची टेप वापरून वापरून ताणली जाते. टाके मोज, ओळी मोज, कागदावर लिही. अर्धा टाका आला तर अर्धा लिही, तो गिळू नकोस, 200 टाक्यांच्या घेरात तो अर्धा टाका चांगला जाणवतो. मग स्वेटर जसा धुणार तसाच तुकडा धू, टॉवेलवर आडवा पसर, रात्रभर राहू दे, सकाळी पुन्हा मोज. हिशोब दुसऱ्या मापावर करायचा. गोल विणणार असशील तर तुकडाही गोलच विण. गोल विणताना उलट ओळ येतच नाही, आणि बहुतेकांची उलट ओळ सुलटीपेक्षा सैल पडते. तुझी पडते, तिसऱ्या फोटोत दिसतंय. ॲक्रिलिक असेल तर भिजवून विशेष फरक पडत नाही, वरून वाफ द्यावी लागते. पण इस्त्री टेकवू नकोस. एकदा टेकली की ते लुळं पडतं आणि परत उठत नाही.

हे मला कुणी शिकवलं विचारशील. आईने शिकवलं होतं. 1962 च्या युद्धात देशभर बायका जवानांसाठी विणत होत्या, तेव्हा आमच्या वाड्यातही दुपारी सुयांचा आवाज असायचा. मी सात वर्षांची, गुंडे करून द्यायचं काम माझ्याकडे. आई प्रत्येक नव्या लोकरीचा आधी तळहाताएवढा चौकोन विणायची. मला वाटायचं, किती वेळ फुकट!

मग 1984. वडिलांची षष्ट्यब्दीपूर्ती डिसेंबरात. मी एकोणतीस वर्षांची, बावीस वर्षं सुया हातात, त्यामुळे डोकं कुठे असेल ते ओळख. मरून रंगाची चांगली लोकर आणली. छाती 38 इंच, मोकळेपणासाठी 3, एकूण 41. पुस्तकात दिलं होतं इंचाला साडेपाच टाके. 226 टाके आले, पुढे 113, मागे 113. घातले आणि सुटले. माझा हात मुळात सैल. माझे इंचाला पाचच पडत होते. आता भागाकार कर. 45 इंच! अर्ध्या टाक्याच्या फरकाने चार इंच.

पाठ झाली तेव्हाच मला दिसलं होतं. खोटं कशाला बोलू, दिसलं होतं. पण तारीख ठरलेली, आमंत्रणं गेलेली. म्हटलं, धुतल्यावर बसेल अंगावर. वडिलांनी होमाच्या दुसऱ्या दिवशी घातला आणि म्हणाले, "ऐसपैस झालाय." पुढचे दोन हिवाळे ते बाह्या दोनदा दुमडून तो घालून फिरायला जायचे, आत शर्टावर अजून एक जाकीट. आईने काही म्हटलं नाही. तिने काही म्हणायला हवं होतं. मी तेव्हाच मागून घेतला असता, उसवला असता, महिन्यात परत केला असता. पण मागितला नाही, कारण मागितला म्हणजे चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. चूक तर सगळ्या पेठेला सकाळी साडेसहाला दिसत होती.

म्हणून सांगते, तुकडा विण. कंटाळा आला तरी विण.

या तुकड्यापायी मी एक कामही घालवलं आहे, तेही ऐक, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकशील. एका क्लासने मला शिकवायला बोलावलं होतं, जाहिरात अशी की दोन आठवड्यांत स्वेटर. चौदाजणी आल्या. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना तुकडा घालायला लावला आणि घरून धुऊन आणायला सांगितलं. पुढच्या वेळी पाचजणी. चालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे तुकड्याचं जरा नंतर ठेवा. मी म्हटलं, नंतर म्हणजे कधी, स्वेटर झाल्यावर? आणि पर्स उचलून घरी आले. तेव्हा घरात पैशांची ओढ होती. माझी बहीण आजही म्हणते, एका चौकोनापायी चांगलं काम सोडलंस. सोडलं. स्वेटर म्हणून पोतं घरी न्यायला शिकवायचे पैसे मी घेतले नाहीत. त्या नऊजणींपैकी एखादी आज विणत असती, वेडंवाकडं का होईना, हेही मला कळतं. रात्री कधी कधी जास्तच कळतं. पण मी बरोबर होते. जरा गरजेपेक्षा जास्त बरोबर होते, एवढंच.

असो. तुझा दुसरा प्रश्न. स्वेटर मशीनवरचा 600 रुपयांत मिळतो, मग हाताने कशाला, आणि नोकरी सोडून क्रोशाची ट्यूलिप विकू का.

पहिल्या भागाची तक्रार फार जुनी आहे. विणकामाचं यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने 1589 मध्ये केलं. तेव्हापासून हातवाले हेच म्हणत आलेत आणि विणतही आलेत. यंत्राशी किमतीत भांडायचं नाही, कारण जिंकणार ते. क्रोशाची गोष्ट वेगळी. खरा क्रोशा करणारं यंत्र आजही बाजारात नाही. मॉलमध्ये 'क्रोशे टॉप' म्हणून स्वस्तात टांगलेलं असतं ते एक तर मशीनवर विणलेलं, नुसतं क्रोशासारखं दिसणारं असतं, नाहीतर खरोखर कुणीतरी हातानेच केलेलं असतं. दुसरं असेल तर त्या किमतीतून त्या बाईला काय मिळालं असेल ते तूच काढ. आंध्रात नरसापूरला बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून क्रोशाची लेस करतात. हाताने केलेल्याला आपोआप भाव येतो असं तुला वाटत असेल तर एकदा तिकडे जाऊन ये.

आणि ट्यूलिप. एकाचे 150 रुपये, लागतो "अंदाजे अर्धा तास". पुन्हा तेच! घड्याळ लावून दहा फुलं कर, सलग, एका रविवारी. पाकळ्या, पानं, तार कापणं, देठावर हिरवा धागा गुंडाळणं, टोकं आत घेणं, डबा, कुरिअरचा पत्ता, "दादा, गुलाबीच्या ऐवजी पीच मिळेल का" या मेसेजना दिलेली उत्तरं, सगळं धर. सातव्या फुलाला मनगट काय म्हणतंय तेही लिहून ठेव. नोकरीचाही तुकडाच विण, असं मी आता म्हणणार हे तुला कळलंच असेल. म्हणणारच. तीन महिने नोकरी आणि फुलं दोन्ही कर, वही ठेव. वहीत आकडे हवेत, फील नको. त्या आकड्यांवरून सोड किंवा नको सोडू. दोन्हींत मी तुझ्याबरोबर आहे, पण वही न बघता नाही.

तू रंग चांगले निवडतोस. दुसऱ्या स्वेटरच्या गळ्यापाशी राखाडीत जी मोहरीच्या रंगाची ओळ घेतलीस, ती मला सुचली नसती. हे मी उगाच लिहीत नाही, उगाच चांगलं म्हणायची मला सवय नाही. म्हणून तर जिवाला लागतं. एवढा डोळा असलेला मुलगा पट्टी हातात घेत नाही!

माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, तू पाहिलायस, टीव्हीखाली असतो. त्यात माझे तुकडे आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी शिवलेली: लोकर, सुई, धुण्याआधी किती, धुतल्यावर किती. त्यात एक मरून तुकडा आहे. चिठ्ठीवर इंचाला 5 टाके लिहिलंय आणि खाली साल आहे 2003. वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत स्वेटरखाली उरलेल्या लोकरीचा एक गुंडा निघाला, तेव्हा विणला. त्याच सुयांवर. धुतला, वाळवला, मोजला.

रविवारी चारनंतर ये. तिसऱ्या स्वेटरची उसवलेली लोकर घेऊन ये, पण आधी तिची लडी करून, भिजवून वाळव, नाहीतर कुरळ्या लोकरीचे टाके सरळ बसत नाहीत. आणि तुकडा आणशील तो धुतलेला हवा. ओला पिशवीत घालून आणू नकोस, सोफा खराब होतो.

तुझी,
काकू