जुन्या फोर्ड व्ही-एट हॉट रॉडला स्वस्तातले डुप्लिकेट कार्बोरेटर चालतील का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात जुन्या फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-एटवर (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असलेलं आठ सिलिंडरांचं इंजिन) हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी, बांधताय, वर स्ट्रॉमबर्ग ९७ या कार्बोरेटरची जोडी बसवायची आहे, अस्सल नव्या जोडीच्या निम्म्याहून कमी पैशांत परदेशी डुप्लिकेट जोडी मिळतेय, तर ती घ्यावी का.

घ्यायला हरकत नाही. पण खोक्यातून काढून थेट इंजिनवर चढवणार असाल तर घेऊ नका. त्या पैशांत तुम्हाला ओतकाम आणि सुटे भाग मिळतात, त्यांचा कार्बोरेटर आपल्याला करावा लागतो. मी भोसरीत टूल रूममध्ये बावीस वर्षं काढली, मोजमाप हाच माझा धंदा. आम्ही तिघा मित्रांनी लष्करी लॉरीतून निघालेल्या २३९ घनइंची फ्लॅटहेडवर एक गाडी उभी केली आणि तिच्यावर अशीच जोडी बसवली. ती आज उत्तम चालते. पण पहिल्या दिवशी ती आम्हाला जाळणार होती, म्हणून तिथूनच सांगतो.

रविवारची सकाळ होती. इंजिन तिसऱ्या सेल्फला लागलं, आवाज असा सुरेख की तिघंही गप्प उभे राहिलो. दोनेक मिनिटांत पेट्रोलचा वास आला. टॉर्च मारून बघितलं तर मागच्या कार्बोरेटरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून पेट्रोल पाझरत होतं, आणि खाली मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्बोरेटर ज्याच्यावर बसतात त्या भागावर, थेंब पडला की लगेच वाफ होऊन उडत होता. फ्लॅटहेडमध्ये इनटेक मॅनिफोल्ड दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधोमध बसतो आणि डिस्ट्रिब्युटर पुढे, तिथून जवळच असतो. एक ठिणगी पुरली असती. मित्राने पंपाची वायर उपटली, मी बॅटरीची. त्या दिवसापासून शेडमध्ये अग्निशामक नळकांडं असल्याशिवाय आम्ही इंजिन लावत नाही. तुम्हीही आधी ते आणा, कार्बोरेटर नंतर.

दोष दोन होते. पहिला आमचा. पंप आम्ही बाजारातला साधा इलेक्ट्रिक लावला होता. असे पंप चार-पाच पीएसआय (दाबाचं माप) सहज देतात, आणि ९७ ला साधारण अडीचच्या वर दाब सोसत नाही. चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी नीडल सीटवरून उचलली जाते आणि पेट्रोल वाहत राहतं. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर लावूच नका, तो कितीतरी पट जास्त दाब देतो. दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा आणि त्याच्यापुढे, कार्बोरेटरच्या बाजूला, दाब दाखवणारं घड्याळ (प्रेशर गेज) लावा. रेग्युलेटरवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, घड्याळावर ठेवा.

दुसरा दोष मालाचा. झाकण उघडून फ्लोट (चेंबरमध्ये तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ डबा) हातात घेतला आणि कानाशी हलवला, तर आत पेट्रोल खळखळत होतं. हे तपासायला फार सोपं आहे. पातेल्यात पाणी गरम करा, उकळतं नको, हात भाजेल एवढं पुरे, आणि पितळी फ्लोट चिमट्याने त्यात पूर्ण बुडवून धरा. आतली हवा तापून फुगते. शिवणीला बारीकसं भोक असलं तरी तिथून बुडबुड्यांची रेघ वर येते. आमच्या चारपैकी एका फ्लोटला शिवणीच्या कोपऱ्यात अशी रेघ दिसली (दोन आम्ही जास्तीचे मागवले होते). भोक सापडलं म्हणून लगेच सोल्डर करू नका. आधी आतलं पेट्रोल पूर्ण काढा, फ्लोट दोन दिवस उघड्यावर वाळवा. आणि सोल्डर कमीत कमी, कारण फ्लोट जड झाला की पातळी चढते. ९७ मध्ये पेट्रोलची पातळी चेंबरच्या वरच्या कडेपासून १५/३२ इंच, म्हणजे जवळपास १२ मिलिमीटर खाली हवी. पॅकिंग काढून, कडेपासून मोजायची. इंजिन चालवून, बंद करून, गार झाल्यावर झाकण उचलून मोजा. बाकावर फ्लोट उलटा धरून केलेलं माप नुसतं अंदाजाचं.

आता मोजमापाकडे येतो, कारण डुप्लिकेट मालाची खरी गोष्ट तिथे आहे. ९७ हे नाव व्हेंचुरीच्या, म्हणजे हवेच्या नळीतल्या अरुंद गळ्याच्या, ०.९७ इंच व्यासावरून पडलं. फोर्डने १९३६ ते १९३८ च्या व्ही-एटवर हे मॉडेल दिलं आणि पुढे हॉट रॉडवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. त्याचं मूळ मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी खुंटी) ४५ नंबरचं, म्हणजे भोक ०.०४५ इंच, १.१४ मिलिमीटर. आमच्या चारही जेटवर ४५ छापलेलं होतं. पिन गेज (भोक मोजायच्या नेमक्या जाडीच्या पिना) घातल्या तर एकात १.२२ ची पिन सैल गेली, दुसऱ्यात १.०९ ची अडकली, उरलेली दोन बरोबर होती. व्यासात एवढा फरक म्हणजे भोकाच्या क्षेत्रफळात जवळजवळ पाव हिश्श्याचा फरक. एका कार्बोरेटरच्या दोन नळ्यांत इतकं कमीजास्त पेट्रोल जात असेल तर कितीही स्क्रू फिरवा, इंजिन स्लोला (अॅक्सिलरेटर न दाबता चालताना) थरथरणार आणि चढाला मिसिंग मारणार. मेस्त्री मात्र प्लग आणि पॉइंट बदलत बसणार. बरेच लोक इथेच फसतात. छापलेला नंबर खरा मानतात.

अस्सल जेट घेऊन बसवावेत तर तेही दरवेळी जमत नाही. आमच्या एका बॉडीत अस्सल जेट दोन आटे गेला आणि थांबला. जोर लावला असता तर बॉडीतले आटे गेले असते. म्हणून आधी हाताने फिरवून बघा, मगच स्क्रू ड्रायव्हर. जिथे बसले नाहीत तिथे आम्ही मिळालेल्याच जेटांमधून मापात बसणारे निवडले.

सपाटपणा काचेवर बघा. जाड काचेचा तुकडा, त्यावर निळा मार्किंग रंग पातळ पसरायचा, झाकणाची आणि खालच्या फ्लँजची बाजू त्यावर टेकवून किंचित फिरवायची. रंग सगळीकडे एकसारखा लागला तर ठीक. आमच्या झाकणाला फक्त दोन कोपऱ्यांना लागला होता, म्हणजे मध्ये पोकळ. काचेवर चारशेचा पॉलिश पेपर पाणी लावून चिकटवला आणि आठ आकडा काढत घासलं, अर्ध्या तासाचं काम. पॅकिंग जाड लावून झाकायचा प्रयत्न करू नका. ते पाझरणं पॅकिंगचं नव्हतंच, वाकडेपणाचं होतं.

थ्रॉटलची शाफ्ट बोटांत धरून वरखाली हलवा. नव्या मालात टकटक जाणवता कामा नये. जाणवली तर तिथून जास्तीची हवा जाते आणि स्लो कधीच स्थिर राहत नाही. चालू इंजिनवर शाफ्टच्या टोकांना पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. (पेट्रोल किंवा क्लीनर फवारू नका.) औषध म्हणजे भोक रीमरने मोठं करून गनमेटलचा बुश. भोसरीत किंवा नाना पेठेच्या आसपास जुन्या धाटणीचा लेथवाला हे करून देतो, पण शाफ्ट सोबत द्या आणि तिच्यावर बसवून घ्या.

पूर्ण जोर लावताना जास्तीचं पेट्रोल सोडणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हचंही बघा. ९७ मध्ये तो व्हॅक्यूमवर चालत नाही. अॅक्सिलरेटर पंपाचा दट्ट्या पूर्ण खाली आला की त्याला दाबतो. तो बंद असतानाच गळत असेल तर गाडी कायम जास्त पेट्रोल पिणार आणि तुम्ही जेटला दोष देत राहाल.

जोडीची गरज आहे का, हेही कुणीतरी विचारेल. हिशोब करा. २३९ घनइंचाचं इंजिन ४००० आरपीएमला, सिलिंडर ८० टक्के भरतात असं धरलं, तर मिनिटाला सुमारे २२० घनफूट हवा घेतं. एक ९७ साधारण १५० देतो. एकावर वरच्या रेसला गुदमरतं, दोनवर मोकळं होतं. तीन लावणं फक्त दिसण्यासाठी.

आता आपल्याकडचं पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे हवा विरळ आणि मिश्रण अडीच-तीन टक्के आपोआप जाड. दोन्ही एकमेकांना थोडं खातात, उरतं ते पातळच. आम्ही ४५ ऐवजी ४६ वर स्थिरावलो. कात्रजच्या चढाला पूर्ण थ्रॉटलवर नेऊन, तिथेच इंजिन बंद करून, प्लग काढून बघितले. पांढरट राख दिसत होती ती तांबूस झाली. तुमचं इंजिन वेगळं, तुम्ही तुमचे प्लग बघा. जुने रबराचे पाइप आणि साध्या रबराच्या टोकाची नीडल मात्र काढून टाका, व्हिटॉनचं टोक घ्या. आणि पावसाळ्यात गाडी तीन आठवडे उभी राहणार असेल तर चेंबर रिकामं करून ठेवा. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि खाली पाणी साचून कार्बोरेटरच्या जस्ताच्या अंगाला पांढरं बुरशीसारखं खातं.

एक गोष्ट कागदांची. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला की ती सवलत जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२सुद्धा बदलांबाबत कडक आहे. तुमची मूळ फोर्ड अजून शाबूत असेल, तर मी कळकळीने सांगतो, तिला कापू नका. हॉट रॉड सुट्या इंजिनावर आणि निकामी झालेल्या सांगाड्यावर बांधा, आणि आरटीओत आधी बोलून घ्या.

मला आज पुन्हा घ्यायचं झालं तर? मी आधी जुन्या अस्सल बॉडी शोधेन. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मला एका रविवारी होली ९४ या फोर्डच्याच जुन्या कार्बोरेटरची गंजलेली बॉडी सापडली होती. तीच तीन बोल्टांची फ्लँज, माती झाडली तर आतली भोकं जशीच्या तशी. ऐंशी वर्षांनंतरही पिन गेज दोन्ही बाजूंना एकसारखी गेली. तशी मिळाली नाही तर डुप्लिकेट जोडी घेईन, आणि गाडीवर चढवायच्या आधी दोन रविवार तिच्यासाठी राखून ठेवेन.

तुमची जोडी आली की सगळ्यात आधी चारही जेट आणि दोन्ही फ्लोट बाहेर काढा. फ्लोट गरम पाण्यात बघा, जेट घेऊन भोसरीला या. पिना माझ्याकडे आहेत, समोर बसून मोजू.