इम्प्रोव्ह कॉमेडी शिकल्याने कथा लिहायला खरंच मदत होते का?

होते. इम्प्रोव्ह म्हणजे आधी काही न लिहिता, रंगमंचावर आयत्या वेळी सुचेल तसा प्रसंग उभा करणं. तुम्ही लिहिलंय की कथेची सुरुवात जमते, पण चार-पाच पानांनंतर पुढे काय घडवायचं ते सुचत नाही, आणि एका मैत्रिणीने सांगितलं, ‘इम्प्रोव्हचा वर्ग लाव, पटापट सुचायला लागेल.’ मी कथा लिहिते आणि पुण्यात एका हौशी गटाबरोबर इम्प्रोव्हही करते. पटापट सुचण्याचं सोडून द्या, ते आपोआप येतं. तिथे खरी सवय लागते ती आधी येऊन गेलेलं लक्षात ठेवण्याची, आणि अडलेली कथा त्यानेच हलते.

कीथ जॉनस्टन हे या क्षेत्रातलं मोठं नाव. १९५०च्या दशकात ते लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये, तिथे येणारी नवी नाटकं वाचायचं काम करत. पुढे कॅनडात कॅल्गरीला गेले आणि १९७७मध्ये तिथे लूज मूस थिएटर सुरू झालं. १९७९च्या ‘इम्प्रो’ या पुस्तकात त्यांनी गोष्ट रचणाऱ्याला उलट्या पावली चालणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे. त्याला मागे टाकलेली वाट दिसते, पुढच्या वाटेची तो फिकीर करत नाही. मात्र मागे राहिलेलं काहीतरी अधूनमधून उचलून तो परत गोष्टीत आणतो, आणि गोष्टीला आकार येतो.

समजा, तुम्ही लिहिलंय: बँकेतून निवृत्त झालेले एक काका नातवाच्या सायकलचं कुलूप उघडून घ्यायला चावीवाल्याकडे येतात. मागचं चाक फिरत नाही, म्हणून ते हाताने उचलून धरत सायकल आणली आहे. ऊन आहे. इथे अडलात. ‘आता काय घडवू?’ असं म्हटलं की अपघात सुचतो, फोन सुचतो, जुना मित्र सुचतो. यातलं काहीही चालेल, आणि हीच अडचण आहे. त्यापेक्षा वर जाऊन वाचा. कुलूप लावलेली सायकल उचलून नेणारा माणूस कसा दिसतो? चोरासारखा. मग चावीवाला विचारणारच, ‘काका, सायकल तुमचीच ना?’ ज्याच्याकडे बँकेच्या तिजोरीची चावी असायची, त्याला हा प्रश्न किती लागेल! शिवाय तिजोरीच्या दोन चाव्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात, एकट्याला ती उघडता येत नाही. म्हणजे दुसरी चावी सांभाळणारा कोणीतरी होता. हे नवं पात्र बाहेरून आणावं लागलं नाही, ‘बँकेतून निवृत्त’ एवढ्यातच ते होतं.

चावीवाल्याचा प्रश्न अगदी साहजिक आहे, हेही बघा. जॉनस्टन यांचा आग्रह असे की साहजिक तेच बोला. वेगळं काहीतरी शोधायला गेलेला माणूस बहुधा इतरांसारखंच बोलतो.

त्यांचा दुसरा धडा मला संवादांसाठी सर्वात मोलाचा वाटतो. नटांचे प्रसंग खोटे वाटत होते, तेव्हा ते म्हणाले, समोरच्यापेक्षा किंचित वरचढ व्हा किंवा किंचित खाली राहा. फक्त किंचित. लगेच प्रसंग जिवंत झाले. आपल्या काकांवर करून बघू:

‘किती घेणार?’
‘तोडायचं का चावी बनवायची?’
‘तुला सोपं जाईल ते कर.’
‘मला दोन्ही सोपं आहे. सायकल तुमचीच ना?’

काका मोठेपणाने सवलत देऊ करतात, चावीवाला ती नाकारून एक पायरी वर चढतो. तरी अरे-तुरे काकाच करतायत आणि अहो-जाहो तोच करतोय. कोणी आवाज चढवला नाही, पण वाचकाला आता पुढची ओळ हवी आहे.

‘हो, आणि’, म्हणजे समोरच्याने मांडलेलं मान्य करायचं आणि त्यात भर घालायची, हा इम्प्रोव्हचा सगळ्यात गाजलेला नियम लेखक बऱ्याचदा भलत्या ठिकाणी लावतात. पात्रांनी एकमेकांना होकार द्यायची गरज नसते. ती भांडोत, खोटं बोलोत. होकार द्यायचा तो लेखकाने, स्वतः आधी मांडलेल्या गोष्टीला. मुलगी विचारते, ‘आई, तू नोकरी सोडलीस?’ आई म्हणते, ‘छे, कोण म्हणालं?’ आईने खरंच सोडली नसेल, तर तुम्ही टाकलेलं पाऊल मागे घेतलंत. सोडली असून ती ‘छे’ म्हणत असेल, तर कथा सुरू झाली.

आधी आराखडा केला तर हे सगळं वाया जातं का, अशी शंका येईल. कोकणातले दशावतारी कलाकार पिढ्यान्‌पिढ्या याचं उत्तर देत आलेत. आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या जत्रेत रात्री प्रयोग बघायला मिळाला तर दोन कलाकारांच्या शाब्दिक चकमकीकडे लक्ष द्या. शेवट प्रेक्षकांना ठाऊक असतो, तरी ते हलत नाहीत, कारण प्रत्येक उत्तर समोरच्याच्या शेवटच्या वाक्यातून निघतं.

इम्प्रोव्ह एक गोष्ट शिकवत नाही, ती म्हणजे काटछाट. डोळ्यांदेखत घडतंय म्हणून प्रेक्षक ढिला भाग सांभाळून घेतात, वाचक घेत नाही. म्हणून मी पहिला खर्डा मागे बघत लिहिते आणि दुसऱ्या खर्ड्यात, शेवट माहीत झाल्यावर, जे एकदाही परत आलं नाही त्यातलं बरंचसं काढते. वरच्या कथेतलं ऊन कशाच्याच कामी आलं नाही, तर जाईल.

वर्ग लावणार असाल तर विनोदाच्या युक्त्या शिकवणारा नको, दोघादोघांचे प्रसंग करून घेणारा बघा. तिथे सुरुवातीला नुसतं समोरच्याचं ऐकायला लावतात. कंटाळून सोडू नका, संवाद लिहिताना तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.