नवी लायब्ररी बसवली, तरी जुनीच का उचलली जाते?

प्रश्न : लिनक्सवर एका लायब्ररीची (अनेक प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडच्या फाइलची) नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसवली आणि तो पत्ता ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलात (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) दिला. तरी प्रोग्राम जुनीच उचलतो. सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारी आज्ञा) लावूनही तेच. असे का?

उत्तर : बहुधा प्रोग्राम बांधतानाच त्यात ‘आरपाथ’, म्हणजे लायब्रऱ्या शोधायचा पत्ता, कोरला गेला आहे. जीलिबसीचा (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा) लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या शोधून जोडणारा भाग, आधी आरपाथ पाहतो, मग तुमचे एलडी_लायब्ररी_पाथ, नंतर रनपाथ (प्रोग्राममध्येच कोरलेला दुसऱ्या प्रकारचा पत्ता), पुढे एलडीकॉन्फिग या आज्ञेने बनवलेली कॅश (लायब्रऱ्यांच्या पत्त्यांची यादी) आणि शेवटी /लिब व /यूएसआर/लिब. (रनपाथ असेल तर आरपाथकडे दुर्लक्ष होते.) ‘रीडएल्फ -डी’ चालवून काय कोरले आहे ते पाहा. आरपाथ निघाला तर तयार प्रोग्राममधला पत्ता बदलणाऱ्या ‘पॅचएल्फ --सेट-आरपाथ’ने नवा पत्ता घाला, हे साधन स्वतःहून रनपाथच लिहिते आणि तेच बरे. मात्र रनपाथ फक्त थेट जोडलेल्या लायब्रऱ्यांना लागू होतो, त्यांना पुढे ज्या लागतात त्यांना नाही. बरेच जण इथेच अडकतात.

सुडोचे कारण निराळे. सुडो सेटयूआयडी (कोणीही चालवले तरी फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम) असल्याने लोडर सुरक्षेसाठी एलडी_लायब्ररी_पाथ हे चल काढूनच टाकतो, म्हणून चले जपणाऱ्या ‘सुडो -ई’चाही उपयोग नाही. ‘सुडो एन्व्ह एलडी_लायब्ररी_पाथ=पत्ता प्रोग्राम’ असे लिहा.

तरीही कोडे सुटले नाही तर ‘एलडी_डीबग=लिब्ज’ लावून प्रोग्राम चालवा; लोडर कुठे कुठे शोधतो ते ओळीने दिसेल. आणि पत्त्याच्या शेवटी रिकामा कोलन (:) ठेवू नका. त्याचा अर्थ चालू फोल्डर असा होतो, आणि भलतीच फाइल तिथून उचलली जाऊ शकते.